मुधोळ पिल्लू आणि परड्यातल्या कोंबड्या : कसं जमवायचं?

परडेवाली (खानापूर)
नमस्कार मंडळी. जांबोटी रस्त्याला घर आहे आमचं, मागे मोठं परडं. त्यात गावठी कोंबड्या, थोड्या गिरिराज, आणि एका खुडूक कोंबडीखाली आत्ताच पिल्लं निघालीत. दिवसा मुंगूस, रात्री कोल्हा, म्हणून राखणीला कुत्रं हवं असं घरात कधीपासून चाललं होतं. शेवटी रायबागच्या आत्यांनी पिल्लू दिलं. आई मुधोळ, बाप कोण ते आत्यांनाही ठाऊक नाही. चार महिन्यांचं झालंय, पाय बघाल तर नुसत्या काठ्या.

कोंबडी अजून धरलेली नाही. पण परवा एक तलंग भिंतीवरून फडफडत खाली उतरली आणि हा असा सुटला की साखळीचा हिसका बसून उताणा पडला. उठला, अंग झाडलं नाही की कुई केलं नाही. मान पुढे, शेपूट सरळ, पुढचा एक पाय उचललेला, आणि नजर त्या तलंगेवर. बोलावलं तर कानही हलला नाही.

सासूबाईंचं म्हणणं, कुत्रं तरी राहील नाहीतर कोंबड्या तरी. शेजारचे सांगतात एकदा बडवून काढा. सवय होते का यांना एकमेकांची? की कायम बांधूनच ठेवायचं?

निपाणीचा पाहुणा
काही होत नाही वहिनी. आमचं गावठी कुत्रं खुराड्याच्या दारातच झोपतं, त्याच्या पाठीवरून कोंबड्या जातात. कुणी शिकवलं नाही त्याला. लहानपणापासून एकत्र वाढलं की झालं.

उसातला (अथणी)
पाहुणं, तुमचं गावठी आणि यांचं मुधोळ, हिशोब वेगळा आहे. मुधोळ म्हणजे नजरेनं हेरून, धावून ससा गाठणारं कुत्रं. पळताना काही दिसलं की ते निघालंच. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली, 2005 साली ती पोस्टाच्या तिकिटावर आली, लष्करानंही नेऊन पारखली. आम्हाला अभिमान आहेच, मुधोळ काही लांब नाही इथून. पण ज्या गुणाचं कौतुक, तोच परड्यात नडतो.

दुसरं, एक साधी गोष्ट. मुधोळचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, साधा गळपट्टा मागे खेचलं की सुळकन निघतो. छातीला बांधायचा पट्टा घ्या. आणि त्या साखळीच्या टोकाला पळत जाऊन आपटला तर मान दुखावेल, ती साखळी आधी काढा.

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
जरा सविस्तर लिहितो. नोकरी पशुवैद्यकीय खात्यात गेली, हा प्रश्न दर सुगीत यायचा, कारण भात कापलं की कोंबड्या शिवारभर मोकळ्या आणि कुत्रीही मोकळी.

कुत्र्याची शिकार पायऱ्यांनी चालते. नजर रोखणं, दबकणं, पाठलाग, धरणं, मारणं. माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करून कुठल्या जातीत कुठली पायरी वाढवली, कुठली दाबली. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यात नजर आणि पाठलाग ठेवला, दात कमी केले. राखणीच्या धनगरी कुत्र्यात पाठलागच कमी. मुधोळमध्ये पाठलाग हाच जीव. त्याला पळण्यातच सुख आहे, कोंबडी हाताला लागो न लागो. म्हणून एकदा पाठलाग झाला की त्याचं बक्षीस त्याला मिळून गेलं. त्यानंतर तुम्ही ओरडलात काय आणि काठी घेतलीत काय, उशीर झालेला असतो. ताई, तुमच्याकडे अजून तो पाठलाग पूर्ण झालेला नाही, साखळीनं वाचवलंय. ही मोठी जमेची बाजू. पहिला पाठलाग होऊच द्यायचा नाही, एवढ्यावर सगळं उभं आहे.

पिल्लाचा सगळ्यांशी ओळख करून घ्यायचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. पाहुण्यांचं कुत्रं त्या वयात कोंबड्यांत होतं, म्हणून त्यांना शिकवावं लागलं नाही. तुमचं चार महिन्यांचं, तो काळ बहुतेक सरला. आता जे होईल ते शिकवून. आणि प्रेमबिम जुळवायच्या नादी लागू नका. कोंबडी ही बघण्यासारखी वस्तूच नाही, इतकं त्याच्या मनात बसलं तरी भरून पावलं.

सुरुवात संध्याकाळी करा. कोंबड्या खुराड्यात शिरून दांडीवर बसल्या की फडफड नसते. पिल्लाला आधी शेताच्या बांधावरून भरपूर फिरवून आणा, पोटात थोडी भूक असू दे. 25-30 फुटांची दोरी छातीच्या पट्ट्याला. खिशात उकडलेल्या काळजाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. खुराड्यापासून इतक्या लांब उभे राहा की त्याला कोंबड्या दिसतात, पण तुमच्या हातचं तो खातो. ही खूण लक्षात ठेवा. तुकडा नाकाशी धरूनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा.

तो बघेल. बघू दे. आपणहून मान वळवून तुमच्याकडे आला, नाहीतर जमीन हुंगायला लागला, की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. बोलावू नका, दोरी ओढू नका. वळणं त्याचं हवं. पाचेक मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. कंटाळा यायच्या आत थांबवा.

अंतर हळूहळू कमी. मग दांडीवरच्या कोंबड्यांऐवजी चालत्या कोंबड्या. मग कणी टाकल्यावर धावणाऱ्या. सगळ्यात शेवटी फडफड. आणि प्रत्येक नव्या पायरीला अंतर पुन्हा वाढवायचं, इथे लोक घाई करतात. दांडीवरच्या कोंबडीपाशी दहा फुटांवर लोळणारं कुत्रं धावत्या कोंबडीला चाळीस फुटांवरूनही ताठ होतं.

पाय उचलणं, तोंड मिटून घेणं, श्वास धरल्यासारखं अंग ताठ होणं, हे तुम्ही वर लिहिलंय ते दबकायच्या आधीचं. ते दिसलं की बोलत बसू नका, त्याला घेऊन सरळ मागे फिरा.

परडेवाली (खानापूर)
काका, खूप आभार. एक बावळट प्रश्न: तुकडा कोंबडीच्याच काळजाचा असला तर चालेल ना? त्यामुळे तोंडाला चटक लागणार नाही?

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
चालेल. उकडलेलं काळीज आणि पळती कोंबडी यांचा संबंध त्याच्या डोक्यात नाही, तो आपल्या डोक्यात आहे. मात्र रविवारी कोंबडी कापली की मुंडकं, पाय, पिसांसकट चामडं कुत्र्यापुढे टाकायची पद्धत आहे ना घराघरात, ती बंद करा. पिसं तोंडात धरून झटकायचा तो सराव होतो. शिजवलेली हाडंही नकोत, चिरफळ्या होऊन आतडं फाटतं.

हलग्याचा
एवढं सगळं कशाला ओ. आमच्या आज्ज्यानं मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधली होती. परत त्या कुत्र्यानं कोंबडीकडं बघितलं न्हाई. आता तुम्ही काळजाचे तुकडे चारूलालाय, ते कुत्रं शेफारून बसंल.

शेणामातीत (कडोली)
हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि मला तरी पटत नाही. उन्हात दुसऱ्या दिवशी वास, पावसात अळ्या. कुत्र्याला कुजकं आवडतंच, ते त्यात लोळतं, जमलं तर खातं. शिक्षा कुणाला होतेय, घरातल्यांना की त्याला?

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
हलगेकर, एक विचारतो. गळ्यात कोंबडी होती तेवढे दिवस कुत्रं मोकळं होतं की बांधलेलं?

हलग्याचा
बांधलेलंच की. आठवडाभर गोठ्यात होतं. कोंबड्या पण आज्जी सोडत नव्हती त्या दिवसांत.

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
मग गुण बांधण्याचा, कोंबडीचा नाही. शिवाय कुजलेल्या मांसातून कुत्र्याला आणि घरातल्या पोरांना जुलाबाचे जंतू मिळतात ते वेगळंच. आजोबांना नमस्कार सांगा.

हलग्याचा
आज्जा गेला की कधीच. पण आज्जी हाय, तिला वाचून दाखवतो. शिव्या देणार तुम्हाला.

शेणामातीत (कडोली)
😄

आणि मारण्याबद्दल. कोंबडी बघितली की मार बसतो एवढंच कुत्रं शिकतं. मग तुम्ही समोर असताना गरीब गाय, पाठ फिरली की चालू. आमच्या गल्लीत एक आहे असं, मालक दुकानात गेल्याबरोबर शेजारच्या खुराड्याकडे बघत बसतं.

आयटीवाला (पुण्याहून, मूळ येळ्ळूर)
झटका देणारा पट्टा ऑनलाइन मिळतो. कोंबडीकडे धावला की बटण. कुणी वापरलाय?

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
नको. झटका बसला त्या क्षणी कुत्रं कुणाकडे बघत असेल याचा भरवसा नाही. कोंबडीऐवजी तुमच्या नातवाशी वेदना जोडली गेली तर? काही कुत्री घाबरून दडून बसतात, काही उलट चिडून तुटून पडतात.

वेल्डिंग-फेब्रिकेशन (उद्यमबाग)
शिकवणं चालू दे, पण आधी जाळी बघा. बाजारात कोंबडी जाळी म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची मिळते ती कोंबडी आत ठेवायला. कुत्र्याला अडवायला तिचा उपयोग शून्य. मोठं झालेलं मुधोळ पंजानं ओढून भोक पाडतं. वेल्डमेश घ्या, जाड तारेची. उंची सहा फूट, कारण ही कुत्री उडी मारतात. खाली जाळी दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरायची, तिच्यावर चिरे ठेवायचे. कुत्रं जाळीच्या अगदी मुळाशी उकरतं, तिथे नख तारेला लागलं की सोडून देतं. खानापुरात चिऱ्याला तोटा नाही. हाच उपाय मुंगसालाही, फक्त तिथे भोकं अर्ध्या इंचाची हवीत.

खालच्या दोन-अडीच फुटांना हिरवी शेडनेट नाहीतर जुनी पोती लावा. नाहीतर कुत्रं जाळीच्या कडेनं दिवसभर येरझाऱ्या घालतं, आतल्या कोंबड्या पळतात, हे भुंकतं. वाटतं जाळी आहे, काय बिघडतंय.

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
अगदी. जाळीपल्याडून केलेला पाठलागही पाठलागच. आणि यातच तुमच्या बांधून ठेवायच्या प्रश्नाचं उत्तर आहे ताई. कोंबड्या समोरून फिरतात अशा जागी दिवसभर बांधून ठेवणं सगळ्यात वाईट. चिडचिड साठते, आणि ज्या दिवशी कडी निसटते त्या दिवशी सगळी एकदम निघते. बांधायचंच तर जिथून कोंबड्या दिसत नाहीत तिथे.

परडेवाली (खानापूर)
बरं. पण आमच्याकडे पाऊस लागला की सगळं परडं चिखल. मृगापासून कोंबड्या, कुत्रा, शेळी, सासरे, सगळे एकाच पडवीत. तेव्हा कसं करू?

कणकुंबीची
आमचं तेच आहे गं, आणि पाऊस तुमच्यापेक्षा जास्त. मी पोत्यावर बसायला शिकवलं. एक ठरलेलं गोणपाट, त्याचंच. आधी घरात, कोंबड्या नसताना. पोत्यावर पाय पडला की तुकडा, बसला की तुकडा, आडवा झाला की तुकडा. मग तेच पोतं पडवीच्या कोपऱ्यात, दोरी खांबाला सैल, चघळायला गुराच्या शिंगाचा तुकडा. कोंबड्या लांबच्या टोकाला सुपात कणी खात असतात. पावसात कोंबड्या मरगळलेल्या असतात, फडफडत नाहीत, म्हणून खरं तर पावसाळा शिकवायला बरा. आमची कुत्री आता पाऊस आला की आपणहून पोतं शोधते.

एक मात्र सांभाळ. घरातला प्रत्येक जण वेगळं ओरडतो. नवरा "सोड", मुलगा "लीव्ह", मी "हाड". तुझं तर रायबागहून आलंय, त्याला कन्नडमधलं "बिडू" (म्हणजे सोड) कळत असेल. सगळ्यांनी बसून एक काय ते ठरवा.

परडेवाली (खानापूर)
खरंच की, आत्यांकडे कन्नडच चालतं त्याच्याशी! "बा" म्हटलं की धावत येतो, "ये" म्हटलं तर तोंडाकडे बघतो. सासूबाईंना कन्नड येत नाही, पण "बा" जमेल म्हणाल्या.

उसातला (अथणी)
आणखी एक सुचवतो. सुरुवात गिरिराजवर करा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली ती जात, अंगानं जड, उडत नाही, कुत्रं आलं तरी दोन पावलं सरकून उभी राहते. गावठी मात्र जरा खुट्ट झालं की कौलावर, वर कलकलाट. तिच्याशी गाठ शेवटी घाला.

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
उत्तम सूचना. मला सुचायला हवी होती.

निपाणीचा पाहुणा
पिल्लंवाल्या कोंबडीनं एकदा टोचलं की कुत्रं आपोआप शिकतं, हे तरी खरं ना?

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
कधीकधी. पण ती थेट तोंडावर झेप घेते, चोच डोळ्यात बसली तर बुबुळाला जखम, आणि डोळा गेलेलं मुधोळ घेऊन काय करणार? काही पिल्लांना तर तो खेळच वाटतो. पिल्लंवाली कोंबडी दीड-दोन महिने वेगळीच ठेवा, डालग्याखाली किंवा बंद खोपीत. कोंबडीची पिल्लं चिवचिवत पळतात, कुत्र्याच्या तोंडात मावतात, त्यांच्या बाबतीत धोका कधीच घेऊ नका, कुत्रं कितीही शहाणं असो.

बाकीचं थोडक्यात. कोंबड्यांची शीट कुत्री खातात, म्हणून जंताचं औषध वेळेवर, आणि खाद्याचा ड्रम झाकणाचा. अंडी सकाळीच उचला. पार्वो-डिस्टेंपरची लस झालीय का बघा, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग दर वर्षी. कोंबडीला दात लागलेच तर जखम मिठाच्या पाण्यानं धुऊन तिला अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवा, कळपात सोडली तर बाकीच्या रक्तावर टोचतात. दात बारीक लागतात पण आत खोल जातात, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. सोडवायला गेलेल्या माणसाला दात लागला तर घरचं कुत्रं म्हणून दुर्लक्ष नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना.

शेणामातीत (कडोली)
काका, किती दिवसांनी मोकळं सोडता येतं?

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
तुम्ही समोर असताना दोरी जमिनीवर घसटत, हे काही महिन्यांत. पण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं पोरवय असतं, तेव्हा शिकलेलं विसरल्यासारखं करतं. अगदी साधं कुत्रं त्याच वयात पहिली कोंबडी मारतं आणि लोक म्हणतात अचानक काय झालं. नसबंदीनं पळणं कमी होईल अशी आशा ठेवू नका, तिचा याच्याशी फारसा संबंध नाही. दोन वर्षांचा होईपर्यंत तो आणि कोंबड्या एकटे नकोत. मुधोळच्या बाबतीत, खरं सांगतो, कदाचित कधीच नकोत. घरी कुणी नाही म्हणजे मध्ये जाळी.

आयटीवाला (पुण्याहून, मूळ येळ्ळूर)
मग राखण कशी करणार तो? मूळ कारण तेच होतं ना.

कणकुंबीची
राखण जाळीच्या बाहेरून. रात्री कोंबड्या आत कुलपात, बाहेर कुत्र्याचा वास आणि भुंकणं असलं की कोल्हा सहसा लांबून जातो. पण खानापूर भागात रात्री कुत्रं अंगणात बांधून ठेवू नका! बिबट्या आधी कुत्राच नेतो, आणि बांधलेला म्हणजे ताटात वाढलेला. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत हे नवीन नाही. रात्री पडवीत, दार लावून.

परडेवाली (खानापूर)
धागा वर काढतेय, रागावू नका. दिवाळी झाली, सुगी चालू आहे. राजा (नाव सासऱ्यांनी ठेवलं) आता पोत्यावर पडून असतो आणि गिरिराज त्याच्या पुढ्यातून जातात. परवा एकीनं त्याच्या शेपटीजवळची कणी टिपली, त्यानं नुसती शेपूट बाजूला घेतली. गावठींशी पंधरा-वीस फुटांपर्यंत ठीक. दोरी अजून आहे, शेडनेट लावली. सासूबाई त्याला "बा, बा" करून भाकरी चारतात.

अडलंय एका ठिकाणी. पाहुणे आले की कोंबडी धरायला मुलं परडंभर पळतात. ती ओरडते, बाकीच्या उडतात, आणि राजा वेडा होतो, दोन दिवस जाग्यावर येत नाही. पुढे जत्रा आहे, तेव्हा तर चार-पाच धरायच्या.

हलग्याचा
दिवसा धरूच नका की. रात्री दांडीवरनं उचला, दोन्ही हातांनी पंख दाबून. आवाज पण करत न्हाई. आज्जी असंच करायची.

निवृत्त दवाखानेवाला (बेळगाव)
हलगेकरांच्या आज्जींचं ऐका. आदल्या रात्री उचलून डालग्याखाली झाका. कापायच्या वेळी राजाला घराच्या दुसऱ्या बाजूला, दार लावून, चघळायला काहीतरी देऊन ठेवा, आणि पिसं-रक्त धुऊन झाल्याशिवाय परड्यात आणू नका. मुलांना पळवायचंच असेल तर क्रिकेट खेळवा.